अर्थ विचारायचा नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

घरातलं बोलणारं माणूस गप्प झालं, म्हणून हे लिहायला घेतलं. एरवी मला डायरीचा तिटकारा. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात, म्हणजे लोकांच्या चुका निस्तरण्यात गेला. स्वतःच्या चुका लिहून ठेवायची हौस कधी नव्हती.

आमच्या हिला झटका आला त्याला आता बरेच दिवस झाले. उजवा हात लुळा पडलाय, उजवा पाय ओढत काठीनं चालते, आणि बोलणं गेलं. अगदी पार गेलं असं नाही. सुटे शब्द येतात, पण त्यांचं वाक्य होत नाही. शिवणाचा क्लास चालवायची ही. मशिनींच्या खडखडाटावर आवाज चढवून एका मुलीला रागवायची आणि त्याच दमात दुसरीला हसवायची. मला तर लग्नानंतर तिनं एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं. आता दिवसभरात "अहो", "नाही" आणि "चहा". घर इतकं शांत झालंय की मला माझंच चघळणं ऐकू येतं.

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलंय. दुसरा झटका येता कामा नये. गोळ्या वेळेवर द्यायच्या, आणि काही वेगळं जाणवलं तर पुढच्या तपासणीची वाट बघत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. मी त्यांना म्हटलं, बारीकसारीक टिपणं हाच माझा धंदा होता, काळजी करू नका.

५ फेब्रुवारी, बुधवार

बोलायला शिकवणारी बाई येऊन गेली. आज शेवटचं. तिचे दिवस भरत आलेत, उद्यापासून बाळंतपणाची रजा. बदली माणूस मिळायला वेळ लागेल म्हणाली. जाताना मला समोर बसवून समजावलं.

"काका, रोज घरातली एक वस्तू काकूंच्या हातात द्यायची. त्या काय बोलतात ते ऐकायचं. मध्ये शब्द पुरवायचा नाही. चुका काढायच्या नाहीत. आणि काय म्हणायचंय ते कळलं नाही ना, तर हो-नाहीचे प्रश्न विचारून खात्री करून घ्यायची."

चुका काढायच्या नाहीत, हे मला सांगत होती. ही पलंगावरून माझ्याकडे बघत होती, आणि तोंडाच्या चालणाऱ्या अर्ध्या बाजूनं चक्क हसली.

संध्याकाळी एकदम सुचलं. मी आमच्या 'तीन ओळी' मंडळात आहे. मंडळ चालवणारे गुरुजी रोज सकाळी मोबाइलवर एका साध्या वस्तूचं नाव टाकतात, पाट, फडकं, सुई असलं काहीतरी, आणि आम्ही तिच्यावर हायकू करतो. पाच, सात, पाच अक्षरं. तीच वस्तू हिच्या हातात दिली तर? तिचा सराव होईल आणि माझाही दिवस जाईल.

९ फेब्रुवारी, रविवार

आजची वस्तू: साबण. ओला करून हिच्या डाव्या हातात दिला. तो सुळकन निसटून पलंगाखाली गेला. ही खो खो हसत सुटली. मग म्हणाली, "साबण. पळाला. हसला."

मी जागच्या जागी उभा. तीन शब्द, तीन ओळी. मी इतकी वर्षं पेन्सिल चावत बसतो आणि मला जे जमत नाही, ते हिनं अंथरुणात बसून केलं. अक्षरं कमी पडत होती, तेवढी मी भरली:

पळे साबण
हसतो माझ्यावर
ओला लबाड

मंडळात टाकला. खाली हिचं नाव. धडाधड अंगठे आले. गुरुजींनी लिहिलं, "वहिनींच्या रूपानं मंडळाला खरा कवी मिळाला." मला जरा टोचलं, पण हिला वाचून दाखवलं. ती लाजली. झटक्यानंतर मी तिला पहिल्यांदा लाजताना पाहिलं.

मुलीलाही पाठवला. ती लांबच्या शहरात असते, रोज फोन करते. म्हणाली, "बाबा, मी रडले."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वस्तू: घड्याळ. भिंतीवरचं काढून मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्यावर तळवा ठेवून बसली. मग तळवा उचलून स्वतःच्या छातीवर नेला.

"घड्याळ. छातीत. पळतं. थांबतं. पळतं."

माझ्या अंगावर काटा आला. तिनं पुन्हा छातीवर हात दाबला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पुरे, पुरे, झालं, आता त्यात भर घालू नकोस." मंडळाचा नियमच आहे तसा. हायकू करणाऱ्याला अर्थ विचारायचा नाही. गुरुजी नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात. "कवितेला 'तू काय म्हणतेस' असं विचारणं म्हणजे उमललेलं फूल उकलून बघणं." गुरुजी जन्मभर बँकेत होते, त्यामुळे फुलांविषयी फार हळवे आहेत.

छातीत माझ्या
घड्याळ थांबे, पळे
वेळ कुणाची

'वेळ कुणाची' माझं. त्याशिवाय पाच होत नव्हते. मंडळात एकेकाचे निरोप येत राहिले. एकीनं लिहिलं की हे वाचून तिला आपलं तरुणपण आठवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हिचा मूड बिघडलाय. मी पलंगाच्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसतो. सकाळपासून बोलतोय, ही माझ्याकडे मान वळवायला तयार नाही. सरळ भिंतीकडे बघत बसते. काल मी तिची मशीन झाकून कोपऱ्यात सरकवली, त्याचा राग असणार. दुपारी खुर्ची उचलून डावीकडे टाकली आणि "अगं, किती रुसशील" म्हटलं, तर माझ्याकडे बघून लगेच हसली. रुसवा काढायची ही युक्ती लग्नानंतर इतक्या वर्षांनी सापडली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वस्तू: किल्ली. ही झोपलेली, म्हणून मी स्वतः केला.

हरवे किल्ली
दारापाशीच उभा
घराचा धनी

एक अंगठा. तोही गुरुजींचा, माणुसकीच्या नात्यानं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हिला आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी आज म्हणाल्या, "काका, काकू दाराला आपटतात. रोजच. खांदा बघा, काळानिळा झालाय."

मी बघितला. उजवा खांदा. मी म्हटलं, "मावशी, त्यांचा तो हातच लुळा, अंदाज राहत नाही. तुम्ही जरा धरून न्या."

"मी धरतेच. पण त्या दाराकडे बघतच नाहीत."

मावशींना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. मागे गॅसचा वास येतो म्हणून त्यांनी सगळी बिल्डिंग गोळा केली होती आणि तो शेजाऱ्यांचा कोबी निघाला. मी दाराच्या चौकटीला जुनी उशी बांधून टाकली.

वस्तू: खिडकी. हिला खुर्चीसकट खिडकीशी नेलं. म्हणाली, "खिडकी. इकडे आहे. तिकडे नाही."

एक खिडकी
इकडे उघडते
तिकडे रात्र

हा मी फारसा बदललाच नाही. 'उघडते' आणि 'रात्र' तेवढे घातले. गुरुजींचा फोनच आला. "तिकडे रात्र! माणूस मरणाच्या दारातून परत आल्याशिवाय असं लिहीत नाही." मी म्हटलं, ते शब्द... आणि थांबलो. माझा शब्द होता म्हणून सांगायचा मोह झाला होता. मोठेपणा हिचाच राहू दिला. माझ्या मनाला फार बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज भांडण झालं. लिहायला लाज वाटते, आजारी माणसाशी कसलं भांडण.

वस्तू होती ताट. जेवणाच्या वेळीच विचारू म्हटलं. हल्ली ही अर्धं ताट तसंच टाकते. भात खाते, पलीकडची भाजी, बटाटे, सगळं जागच्या जागी. मी रागावतो. अन्न टाकायची सवय तिला कधीच नव्हती, मुलीला त्यावरून धपाटे घालायची. मला वाटतं, माझ्यासाठी ठेवते. बायकांची खोड. आज म्हणाली:

"ताट. अर्धं. कुणी नेलं. भूक आहे."

काय ओळ आहे. 'कुणी नेलं.' मी ताट तसंच ठेवून कागद घेतला.

अर्धेच ताट
उरले कुणासाठी
भूक ही अशी

तिला वाचून दाखवला. तर मान हलवायला लागली. "नाही. नाही. भूक." मी म्हटलं, "अगं, भूक आहे की तिसऱ्या ओळीत." "नाही. भूक आहे." 'आहे'वर जोर. मी समजावलं की 'भूक आहे' चार अक्षरं होतात, पाच लागतात. तिनं डाव्या हातानं कागद खेचला आणि चुरगाळला. लाल झाली होती. डोळ्यांत पाणी. आमची ही नुसती कवी झाली नाही, कवीचा ताठाही आला. एक शब्द बदलू देत नाही.

मग मावशींनी ताट उचलताना ते अर्धं फिरलं असावं. हिनं झडप घातल्यासारखं राहिलेलं सगळं खाल्लं. राग शांत झाला की भूक लागते, माझ्या आईकडचं सगळं घराणंच तसं.

४ मार्च, मंगळवार

मुलीनं व्हिडिओ लावला होता. मध्येच म्हणाली, "बाबा, आई माझ्याकडे का बघत नाहीये?"

"बघतेय की."

"नाही. कानाकडे बघतेय माझ्या. आणि बोलणं कमी झालंय का तिचं?"

मी म्हटलं, "कमी नाही, नेमकं झालंय. तू मंडळातल्या लोकांचे निरोप वाच." मी तिला ताटाचा हायकू म्हणून दाखवला. तिनं तो पुन्हा एकदा म्हणायला लावला. मग म्हणाली, "छान आहे. पण म्हणजे काय म्हणतेय आई? तुम्ही विचारलंत का तिला?"

मी तिला नियम सांगितला. ती हसली. "बरं बाई, तुमचं मंडळ." हायकू तिनं मैत्रिणींना पाठवला, त्यांनाही आवडला म्हणे.

८ मार्च, शनिवार

गुरुजी घरी आले होते. मंडळाचं वार्षिक वाचन पुढच्या रविवारी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. यंदा शेवटी हिचं वाचन. आणि त्याच दिवशी हिच्या हायकूंची छोटी पुस्तिका जाहीर करायची, छपाई नंतर. गुरुजींनी हिच्यापुढे हात जोडले. ते तिच्या उजवीकडे उभे होते. हिनं पाहिलंही नाही. गुरुजी मला कानात म्हणाले, "बघा, मान-अपमानाच्या पलीकडे गेल्यात."

शुक्रवारी हिची तपासणी ठरली होती. पण शनिवारी हॉलवर जाऊन खुर्ची वरपर्यंत कशी चढवायची ते बघायचं आहे, शुक्रवारी शिंप्याकडून तिचा ब्लाउज आणायचा आहे, आणि एकदा बाहेर पडली की ही दोन दिवस गळून जाते. दवाखान्यात फोन करून तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलली. तिथल्या मुलीनं विचारलं, काही त्रास आहे का? मी म्हटलं, काही नाही, उलट सुधारणा आहे.

१२ मार्च, बुधवार

वस्तू: चप्पल.

"चप्पल गेली. पाय. नाही कळला."

गेली चप्पल
पायालाही कळेना
वाट एकली

पुस्तिकेत हा शेवटी घ्यावा. मी तिला म्हटलं, तू माझी मान उंच केलीस. तिनं माझा हात धरला, घट्ट, आणि सोडेना. "अहो," म्हणाली. "अहो. अहो." पुढचा शब्द काही येईना. तोंड उघडायची, मिटायची. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. म्हटलं, "कळलं मला." तिनं डोळे मिटून घेतले. इतकं प्रेम आम्ही उघडपणे कधी केलं नव्हतं.

१६ मार्च, रविवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. लिहिलं नाही तर मी इथे आरडाओरडा करीन.

सकाळपासून ही उठायला तयार नव्हती. "नाही, नाही" चाललं होतं. मी लाडीगोडी लावली, मावशींनी नवी साडी नेसवली. टॅक्सीत डोकं मागे टेकून बसली. मला वाटलं, धास्तावली आहे. हॉल गच्च भरला होता. दोघा जणांनी तिला खुर्चीसकट वर चढवलं.

आमच्या वाचनात टाळ्या नसतात. हायकू वाचून झाला की सगळे डोळे मिटतात आणि थोडा वेळ गप्प बसतात. ते मौन म्हणजेच दाद. गुरुजींची कल्पना.

मी हिचे एकेक हायकू वाचले. साबण, घड्याळ, खिडकी, ताट. प्रत्येक वेळी मौन. शेवटी गुरुजींनी एक कापडी पिशवी हिच्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं की आता आपल्यासमोर कविता जन्माला येईल.

हिनं पिशवी चाचपली. मग ती डोक्याला लावली.

"पिशवी," म्हणाली. "डोकं. फुटतं. घरी. घरी चला."

आवाज स्पष्ट होता. माझ्याकडेच बघत म्हणाली. मी डावीकडे बसलो होतो. पुन्हा म्हणाली, "अहो, घरी चला." कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून पुरं वाक्य आलं, आणि मला फक्त आनंद झाला.

गुरुजींनी डोळे मिटले. सगळ्या हॉलनं मिटले. मीही मिटले.

डोळे मिटून मी बोटांवर अक्षरं मोजत होतो. 'घरी चला' चार होत होती. एक कुठून आणावं याचा विचार करत होतो. तेवढ्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. तरीही कुणी लगेच डोळे उघडले नाहीत, मौन मोडू नये म्हणून. मी उघडले तेव्हा ही खुर्चीतून सरकून खाली पडली होती. तोंड वाकडं झालं होतं, नव्या साडीवर ओकारी होती, आणि भोवती सगळी माणसं डोळे मिटून बसली होती.

१७ मार्च, सोमवार

मुलगी पहाटेच्या गाडीनं आली. सरळ आत गेली, बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. तिनं माझा हात हातात घेतला. आता वाटतं, घ्यायला नको होता.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. हळू बोलणारा माणूस आहे. समोर काचेवर हिच्या डोक्याचे फोटो लावलेले.

"हा कालचा झटका मोठा आहे," ते म्हणाले. "पण त्याआधीचे लहान दिसतायत. हे, आणि हे. काही आठवड्यांतले. मागच्या भागात, जिथून आपल्याला दिसतं. घरी काही तक्रार केली होती का त्यांनी? छातीत धडधड? एका बाजूचं न दिसणं? कुठे आपटणं? पाय बधिर होणं?"

मी म्हटलं, "नाही. तिला बोलता येत नाही हो."

डॉक्टर लिहायला लागले. मुलगी माझ्याकडे बघत होती. मग तिनं आपला मोबाइल काढला. मी पाठवलेले सगळे हायकू तिच्याकडे होते. तिनं घड्याळाचा वाचला, मोठ्यानं. "छातीत माझ्या, घड्याळ थांबे, पळे..." आणि मोबाइल डॉक्टरांकडे वळवला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे त्यांनी म्हटलेलं आहे?"

"जुळवलेलं मी आहे," मी म्हटलं.

"त्यांचे शब्द काय होते?"

मला सगळे पाठ होते. मी सांगितले. घड्याळ, छातीत, पळतं, थांबतं, पळतं. डॉक्टरांनी विचारलं, कधी? मुलीनं निरोपावरची तारीख सांगितली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ठोके अनियमित. पुढे? खिडकी, इकडे आहे, तिकडे नाही. त्यांनी लिहिलं, उजवी बाजू दिसत नाही. ताट अर्धं, कुणी नेलं, भूक आहे. ते लिहिताना ते क्षणभर थांबले. चप्पल गेली, पाय नाही कळला. आम्ही शाळेत धडा घोकावा तसे एकामागून एक सांगत गेलो, मी शब्द, मुलगी तारीख. त्यांचा कागद भरला. मग मी कुणी न विचारताच उशीचं सांगितलं, चौकटीला बांधलेली. आणि खुर्ची डावीकडे ठेवल्यावर ती हसली होती, तेही.

"हृदयाचा ठेका चुकत होता त्यांचा," डॉक्टर म्हणाले. "त्यात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या डोक्यात जातात."

"तेव्हाच आणलं असतं तर?" मी विचारलं.

"रक्त पातळ करायचं औषध सुरू केलं असतं. कदाचित टळलं असतं. नक्की कुणीच सांगू शकत नाही."

हे 'कदाचित' त्यांनी माझ्यासाठी घातलं होतं. शब्द कुठे भरीला घातलाय ते मला कळतं.

बाहेर आल्यावर मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. "आई उपाशी होती, बाबा. तिला ताटातलं दिसत नव्हतं. ती तुम्हाला सांगत होती आणि तुम्ही अक्षरं मोजत बसलात."

मी तिच्याजवळ गेलो.

"आणि मी मैत्रिणींना पाठवलं," ती म्हणाली, आणि तोंड झाकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण माझ्याकडे वळलीही नाही.

२० मार्च, गुरुवार

गुरुजींचा फोन. हॉलमधल्या प्रसंगानं मंडळ हादरलंय, म्हणाले. पुस्तिका आता व्हायलाच हवी, पैसे सगळे मिळून घालतील. मजकूर जुळवून झालाय, मुद्रितं माझ्याकडे पाठवतायत, माझ्या नजरेखालून गेली म्हणजे चिंता नाही. आणि मागच्या पानावर त्यांना ती शेवटची कविता घ्यायची आहे, न बदलता, जशी आली तशी. डोकं फुटतं, घरी चला.

मी म्हटलं, "ती कविता नव्हती गुरुजी. तिचं डोकं दुखत होतं. तिला घरी जायचं होतं."

"हो, पण त्या उच्चारात जे..."

"आधीच्याही नव्हत्या. तिला भूक लागली होती. तिला दिसत नव्हतं. सगळं तिनं मला सांगितलं आणि मी ते तुम्हाला पाठवलं. पुस्तिका काढू नका."

मग त्यांनी अगदी साध्या, म्हाताऱ्या आवाजात विचारलं, "वहिनी कशा आहेत?" इतक्या वर्षांत त्यांनी मला एवढा सरळ प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, वाईट आहे. त्यांनी फोन ठेवला. मंडळातून मी बाहेर पडलो. मुद्रितं आली तर परत पाठवायला मावशींना सांगून ठेवलंय.

मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलते. कुठल्या गोळ्या, कोण थांबणार, घरची किल्ली. रागाचं बोलली असती तर बरं झालं असतं.

२३ मार्च, रविवार

हिनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले होते, उघडेल की नाही सांगता येत नाही. दुपारची वेळ, मुलगी खाली जेवायला गेली होती. मी खुर्ची डावीकडे घेऊन बसलो होतो, तिथे तिला दिसतं.

नाकात नळी आहे. गिळता येत नाही, म्हणून अन्न नळीतून जातं. तोंडावाटे काहीही द्यायला बंदी आहे, थेंबसुद्धा. श्वासात गेलं तर संपलं. पलंगाच्या डोक्याशी तशी पाटी लावली आहे. हे नर्सनं मला पुन्हा पुन्हा समजावलंय, माझ्यावर कुणाचा भरवसा राहिलेला नाही आणि ते बरोबरच आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ सुकून भेगाळलेत. ते हलायला लागले. मी जवळ वाकलो. मी काही जुळवलं नाही, काही पुरवलं नाही. नुसती वाट पाहिली. खूप वेळानं शब्द आला.

"पाणी."

मी विचारलं, "पाणी प्यायचंय तुला? तहान लागलीय?"

तिनं मान हलवली. हो.

"घसा सुकलाय?"

हो. तिच्या डोळ्यांत केवढी आशा आली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा तिला विचारत होतो आणि मला पहिल्यांदा नीट कळत होतं. टेबलावर माझ्यासाठी पाण्याची बाटली होती. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी तिला सांगितलं की देता येत नाही. का देता येत नाही तेही सांगितलं, सावकाश, दोनदा. नर्सला विचारून कापसाचा बोळा ओला केला, पिळला आणि तिच्या ओठांवरून फिरवला. तिनं तो चोखायचा प्रयत्न केला. नर्स म्हणाली, "काका, बस." मी काढून घेतला.

"पाणी," ती म्हणाली. "अहो, पाणी."

मी म्हटलं, "हो गं. कळलं मला."

तिनं मान फिरवली, उजवीकडे, जिकडे तिला काही दिसत नाही. मुलगी येईपर्यंत ती तशीच होती. मी बाटली उचलून दाराबाहेर ठेवून आलो.